थ्रिलर घरी लावावा की नाटकाला जावं?

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या मुलानं मला जिन्यात गाठलं. "काका, आईबाबा गावाहून आलेत. दोघांनाही सस्पेन्स आवडतो. ओटीटीवर तो नवीन थ्रिलर आलाय तो घरीच लावू, का रविवारी नाटकाला नेऊ?" मी उभ्याउभ्या काहीतरी उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी दोन्ही केलं होतं. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर घरी तो चित्रपट आणि रविवारी दुपारी साडेबाराला कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात एक दोन अंकी रहस्यनाट्य. त्यामुळे आता सविस्तर लिहितो. त्याच्यासारखे आणखीही कुणी या पेचात असतील.

चित्रपटाचं नाव घेत नाही, कारण मला जे खटकलं ते त्या एकट्याचं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत थेट ओटीटीवर आलेले असे दहा-बारा थ्रिलर मी पाहिले आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांत तेच आढळलं. नाटकाचंही नाव घेत नाही. घेतलं तर पुढे जे लिहिणार आहे त्यावरून खुनी कोण हे तुम्हाला कळेल आणि ते पाप मला नको.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. घाटातला बंगला, पावसाळा, नाहीशी झालेली बायको. तपासाला आलेला अधिकारी निलंबित, दारू पिणारा, मुलीच्या मृत्यूचं ओझं मनावर असलेला. पहिल्याच दृश्यात चिखलातून धावणारे पाय, एक किंकाळी आणि लगेच पडद्यावर अक्षरं: तीन महिन्यांपूर्वी. घरात माळी आहे, दीर आहे, आणि बीपी तपासायला येणारे कुटुंबाचे जुने डॉक्टर आहेत. डॉक्टरांच्या भूमिकेत एक नावाजलेला नट. पूर्वार्धात त्याला दोनच प्रसंग. दुसऱ्या प्रसंगानंतरच ही म्हणाली, "एवढ्या मोठ्या नटाला नुसतं बीपी मोजायला घेतील का?" आम्ही दोघं तिथेच खुनी ओळखून बसलो. चित्रपट सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले होते. तो स्वतः रहस्यकथा लिहायचा. त्यातला पहिलाच नियम असा, की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. चित्रपटानं तो नियम पाळला, हे मी मान्य करतो. पण सुरुवातीला भेटवायचं म्हणजे नुसती ओळख करून देऊन बाजूला ठेवायचं असं नव्हे. त्या माणसाला मधल्या वेळात काहीतरी करू द्यायला हवं, त्याच्यावर जीव जडायला हवा. तो कुणासाठी तरी औषध आणताना दिसावा, कुणावर तरी चिडावा. इथे डॉक्टर गोष्टीबाहेर वाट पाहत बसले होते आणि आम्हीही त्यांची वाट पाहत बसलो.

तरीही मी एवढ्यावरून चित्रपटावर फुली मारली नसती. निकाल लागला तो वेगळ्याच गोष्टीवर. सांगायला अगदी क्षुल्लक वाटेल.

पोलीस माळ्याला पकडतात. चौकीतला प्रसंग आहे. माळी आधी गप्प असतो, मग एकदम कोसळतो आणि रडतरडत कबुली देतो. ते काम करणारा नट मला नवा होता आणि त्यानं काय काम केलं म्हणून सांगू! बोटांच्या नखांतली माती काढता काढता बोलतो तो. माझ्या अंगावर काटा आला. नेमका तेव्हा नगरहून बहिणीचा फोन आला. मी रिमोटनं चित्रपट थांबवला. पडद्याच्या खालच्या कडेला ती बारीक पट्टी उमटली आणि शेजारी आकडा: ४४ मिनिटं बाकी.

"म्हणजे हा नाही," ही म्हणाली.

तिथे चित्रपट संपला. फोन झाल्यावर आम्ही पुढे पाहिला खरा, पण त्या माळ्याचं रडणं आता खोटं पडलं होतं. नटाची काही चूक नसताना त्याच्या सर्वांत चांगल्या पाच मिनिटांवर पाणी पडलं. कुणाला तरी वाचवण्यासाठी तो कबुली देतोय हे कळलं, आणि कुणाला वाचवतोय हेही कळलं. उरलेली ४४ मिनिटं आम्ही बरोबर ठरलो आहोत की नाही एवढंच तपासत होतो. साधारण वीस मिनिटं उरली असताना डॉक्टरांनी चश्मा काढला, आवाज बदलला आणि सगळं सांगायला सुरुवात केली. मी मुद्दाम रिमोट दाबून पाहिलं. एकोणीस मिनिटं होती.

कुणी म्हणेल, न थांबवता बघा. प्रामाणिक प्रयत्न केला. पण घर म्हटलं की फोन येतो, दूध उतू जातं, कुणी पाणी मागतं. शिवाय एकदा सवय लागली की न थांबवताही डोक्यात ती पट्टी सरकत राहते. पाऊण तास गेला, आता खोटा खुनी सापडेल. सव्वा तास झाला, आता अधिकाऱ्याला भिंतीवरच्या फोटोत काहीतरी दिसेल. हे चित्रपट इतके एका साच्यातून निघतात, की घड्याळ गोष्टीच्या पुढे धावतं. पट्टीनं फक्त साचा उघडा पाडला.

इथे एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर चित्रपटांवर अन्याय होईल. शेवट आधी कळणं हा आपोआप दोष ठरत नाही. थ्रिलरसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक यानं १९६२ साली त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं आहे. दोन माणसं टेबलाशी बसून बोलताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत असेल, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. म्हणजे माहीत असूनही ताण टिकू शकतो, नव्हे, माहीत असल्यामुळेच वाढतो. मी पाहिलेल्या चित्रपटांची अडचण अशी, की त्यांच्याकडे 'कोण' या एका प्रश्नापलीकडे काही शिल्लकच नसतं. तो प्रश्न पट्टीनं सोडवला की हातात पावसाळा आणि बंगला उरतो.

आता रविवार. नाटकातला खुनीही आम्ही मध्यंतरात ओळखला. खोटं कशाला सांगू? बाहेर बटाटेवडा खाताना आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या बाईंचं नाव घेतलं. घरातली थोरली वहिनी. पण तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि दुसऱ्या अंकात मी खुर्चीच्या कडेवर आलो. आम्हाला कळलं होतं, पण रंगमंचावरच्या बाकीच्यांना कळलेलं नव्हतं आणि धाकटी जाऊ त्याच वहिनीच्या हातचा चहा पीत होती. आमच्या मागच्या रांगेतल्या एक आजी पुटपुटल्या, "अगं नको पिऊस गं." हिचकॉकचा बॉम्ब तो हाच.

दहा दिवसांनी बालगंधर्वला त्याच नाटकाचा प्रयोग लागला आणि मी एकटाच पुन्हा गेलो. खुनी ठाऊक असताना. या वेळी मी ठरवून फक्त वहिनीकडे पाहिलं, दुसरं कुणीही बोलत असलं तरी. पहिल्या अंकात धाकटा दीर मोठ्यानं आरोप करतो तेव्हा सगळं प्रेक्षागृह त्याच्याकडे बघतं. त्या वेळी वहिनी मागे कपाटाशी धुतलेल्या पडद्यांच्या घड्या घालत असते. दिरानं एक विशिष्ट वेळ उच्चारली तेव्हा तिच्या हातातली घडी अर्ध्यावर थांबली. मग तिनं ती उलगडली आणि पुन्हा घातली. बस्स एवढंच. पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर हे घडलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

चित्रपटात हे सहसा होत नाही. त्या घडीवर कॅमेरा गेला असता, दोन सेकंद थांबला असता, खाली तंतुवाद्यांचा स्वर वाजला असता. कॅमेऱ्यानं एखादी वस्तू जवळून दाखवली की ती वस्तू साक्षीदार झालीच. आमच्या चित्रपटात डॉक्टरांच्या बॅगेच्या तुटक्या कडीवर कॅमेरा तीनदा गेला. रंगमंचावर मात्र पुरावा वीस वस्तूंमध्ये दोन तास उघड्यावर पडून असतो आणि कुठे बघायचं ते आपल्यावर सोडलेलं असतं. मला वाटतं, रहस्य आवडणाऱ्या माणसाला हेच तर हवं असतं. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' १९५२ पासून सुरू आहे. करोनाच्या काळात ते बंद राहिलं होतं, पुन्हा सुरू झालं. प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण हे बाहेर सांगू नका. सत्तरहून अधिक वर्षांत ते किती जणांना कळलं असेल! तरी लोक जातात.

नाटकाची बाजू मांडताना त्यातल्या खोडी लपवणार नाही. अंधार करून मोठा आवाज काढायचा आणि त्याला भीती म्हणायचं, हा प्रकार रहस्यनाट्यांत अजूनही चालतो. आमच्या नाटकात तो चार वेळा झाला आणि तीन वेळा अनावश्यक होता. ऐन वेळी वीज जाणं आणि फोन बंद पडणं याला पर्याय सापडलेला दिसत नाही. मागच्या रांगांत शब्द पुसट येतात. कुणाचा ना कुणाचा मोबाईल वाजतोच, आणि तो शांत प्रसंगातच वाजतो. चारचाकी लावायला जागा मिळण्याची आशा धरू नये. बालगंधर्वला जायचं असेल तर मेट्रोनं छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरणं उत्तम, तिथून नाट्यगृह चालत जाण्याइतकं जवळ आहे. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला ज्येष्ठांना नेऊ नका, सुटता सुटता बारा वाजतात.

आणि एक बाब अशी आहे जिथे घरचा पडदा नि:संशय सरस आहे. माझ्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं. नाटकाला ते आता येत नाहीत, कारण निम्मं हातातून सुटतं आणि मग त्यांना वाईट वाटतं. चित्रपटाखाली अक्षरं लावली की ते सगळं समजून घेतात, मध्येच उठून गोळी घेऊन येतात, पुन्हा बसतात. अक्षरांचाही एक त्रास आहे, दार उघडायच्या आत 'दार उघडल्याचा आवाज' असं लिहून येतं. पण त्यांना त्याची फिकीर नाही आणि त्यांच्यासाठी मलाही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाचंही तसंच. जिना, रांग, स्वच्छतागृहापर्यंतची चाल, हे सगळं सोसून नाटक बघा असं मी कुणाला म्हणणार नाही.

घरी बघायचं ठरलं तर एक करा. थेट ओटीटीसाठी काढलेल्या नव्या थ्रिलरऐवजी आधी चित्रपटगृहात लागलेला एखादा जुना निवडा. माझ्या अनुभवात ते जास्त भरवशाचे निघाले. ते अंधारात सलग बघण्यासाठी रचलेले असतात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी एखादं पात्र "म्हणजे त्या रात्री तू बंगल्यावर होतास, आणि चावी तुझ्याकडेच होती!" असं आपल्याला पुन्हा समजावून सांगत नाही. हातात फोन घेऊन बघणाऱ्याला धागा सापडावा म्हणून लिहिलेली ही वाक्यं लक्ष देऊन बघणाऱ्याला शिक्षा वाटतात. आणि रिमोट दुसऱ्या खोलीत ठेवा. आम्ही आता तसंच करतो. फोन आला तर एक जण उठतो, चित्रपट चालू राहतो.

खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी परवा पुन्हा भेटलो. त्याच्या वडिलांचे कान ठीक आहेत, आईचा एक गुडघा थोडा कुरकुरतो एवढंच. तेव्हा माझ्या मते त्यानं नाटकाला जावं. दुपारचा साडेबाराचा प्रयोग घ्यावा. तिकिटं काढताना सहाव्या ते दहाव्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या बघाव्यात, म्हणजे आईला पाय मोकळा सोडता येईल आणि शब्दही स्वच्छ येतील. तिसऱ्या घंटेच्या वीस मिनिटं आधी पोहोचावं. आणि मध्यंतरात वडे घेताना त्या दोघांना खुनी कोण वाटतो ते जरूर विचारावं, पण नाटक आधी पाहिलेल्या कुणाच्या शेजारी उभं राहून विचारू नये.