ॲपलचा छोटा डोंगल की फिओ के७?

दोन्ही वापरलेत म्हणून सांगतो, आधी तुमचा हेडफोन बघा, मग डॅक-ॲम्प, म्हणजे फोन-लॅपटॉपमधला डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून वाढवणारं यंत्र. डोंगल हा त्याचा छोटा वायरीएवढा प्रकार, के७ हा टेबलावरचा डबा. इअरफोन किंवा ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) आसपासचा, कमी ताकदीत वाजणारा हेडफोन असेल तर ॲपलचा यूएसबी-सी डोंगल खरंच पुरतो, आवाज एकदम स्वच्छ आणि खिशात टाकला की विसरून जा. फक्त बऱ्याच ॲन्ड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबका येतो, ते आधी तपासा.

पण माझ्याकडे सेनहायझर एचडी ६०० आहे, ३०० ओहमचा, आणि डोंगल जेमतेम १ व्होल्ट देतो, त्यामुळे लॅपटॉपचा व्हॉल्यूम शंभरावर नेऊन पण हळू रेकॉर्ड केलेलं शास्त्रीय गाणं ऐकताना तानपुरा लांब कुठेतरी वाजतोय असं वाटायचं. के७ ला लावला आणि नॉब अर्ध्याच्याही आत होता, तबल्याचा बायां कसा भरून आला! बॅलन्स्ड आउटपुटला (डाव्या-उजव्या कानाला पूर्ण वेगळ्या वायरी, ४.४ मिमी जॅक) ३२ ओहमवर २००० मिलीवॅट देतो तो, म्हणजे ताकदीची चिंताच नको. ४.४ आणि ६.३५ मिमी दोन्ही हेडफोन जॅक पुढेच आहेत, आरसीए (स्पीकरच्या वायरीची जोडणी) मागे, स्वतःचा ॲम्प असलेले स्पीकर पण जोडता येतात.

अडचण एवढीच की त्याला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, टेबल सोडून हलत नाही. आणि इअरफोन लावण्याआधी गेन (आवाज किती पट वाढवायचा ते बटण) 'लो' वर आणि नॉब पूर्ण खाली करा प्लीज, कानाचा प्रश्न आहे. माझ्यासाठी के७ च, पण नुसते इअरफोन असते तर घेतला नसता.