तरणाबांड की जुनाजाणता? खान्देशातल्या मतदारासाठी

भाचीला १८ पूर्ण झाली. तळोद्याला घरी गेलो तर पाण्याचा तांब्या हातात देतानाच तिने विचारलं, "मामा, मत कोनले देऊ? तरणाले का म्हाताराले?" तिच्यासाठीच हे लिहितोय.

नियम सोपा आहे. लोकसभेसाठी किमान २५ वर्षं, राज्यसभेसाठी ३०. वरची मर्यादा नाही. पहिल्या लोकसभेचं सरासरी वय साडेशेहेचाळीसच्या आसपास होतं, २०२४ च्या लोकसभेचं ५६. देश तरुण आणि सभागृह म्हातारं होत चाललंय, हे मला खरंच खुपतं.

आपल्या नंदुरबारने मात्र ही लढत डोळ्यांदेखत पाहिली आहे. २०१४ साली एका बाजूला नऊ वेळा खासदार झालेले माणिकराव गावित, वय ७९. समोर डॉ. हिना गावित, वय २६. लोकांनी तरुण डॉक्टरला दिल्लीला पाठवलं. २०२४ मध्ये त्याच हिनाताईंना पहिल्यांदाच लोकसभा लढवणाऱ्या गोवाल पाडवींनी हरवलं, आणि तेही तरुणच. म्हणजे नुसत्या तरुणपणावर जागा टिकत नाही.

जुन्याजाणत्या माणसाची बाजू भक्कम आहे, ती मी नाकारत नाही. दिल्लीत कुठली फाइल कुठे अडते, कोणत्या समितीत कुणाशी बोलायचं, हे एका टर्ममध्ये कळत नाही. अधिकारी नव्या माणसाला ताटकळत ठेवतात, जुन्याला खुर्ची देतात.

पण आपला मतदारसंघ कसा आहे तेही बघ. अक्कलकुव्यापासून साक्री-शिरपूरपर्यंत पसरलेला. धडगावच्या पाड्यांवर अजून बाळंतीण झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणतात. चांदशैलीच्या घाटात पावसाळ्यात दरड आली की गाडी तिथेच थांबते, पुढे पायीच. तिथवर जो पोचतो त्यालाच झोळीचा बांबू खांद्याला कसा रुततो ते कळतं. सत्तरी ओलांडलेला कुणी अजून असा चालत असेल तर त्याला माझा नमस्कार, पण बहुतेकांचे कार्यकर्तेच जातात.

तरुण बघताना एक गोष्ट मी आधी बघतो: खाली काम केलंय का? रक्षा खडसे २०१४ ला रावेरमधून निवडून आल्या तेव्हा विशीतच होत्या, पण त्याआधी कोथळीच्या सरपंच होत्या, जिल्हा परिषदेत होत्या. बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ ला जळगावमधून आमदार झाल्या तेव्हा २७ वर्षांच्या, आणि राष्ट्रपती झाल्या ७२ व्या वर्षी. लवकर सुरुवात केली म्हणून एवढी शिदोरी जमली. घराण्याच्या जोरावर थेट तिकीट मिळालेला, ग्रामसभेत कधी न बसलेला तरुण मला नको. त्यापेक्षा म्हातारा परवडला.

दोघंही कामाचे वाटले तर मात्र मी तरुणालाच देईन. मनमाड-इंदूर रेल्वेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, धुळे-शिरपूरवरून जाणार. मागणी कित्येक दशकांची. ज्यांनी आश्वासनं दिली त्यातले किती जण आता जाब द्यायला आहेत? आज चाळिशीतला माणूस निवडला तर पहिली गाडी सुटेल त्या दिवशी, किंवा न सुटली तरी, तू त्याला शिरपूरच्या चौकात गाठून विचारू शकशील.