दिवाळीचं तिकीट: साठ दिवस आधी की तत्काळ?

पुण्या-मुंबईहून दिवाळीला मराठवाड्यात यायचं म्हटलं की घरोघरी हा वाद ठरलेला. एक म्हणतो साठ दिवस आधी आरक्षण उघडलं की रेल्वेचं तिकीट काढून टाका, दुसरा म्हणतो रजेचं नक्की होऊ द्या, आदल्या दिवशीचं तत्काळ आहेच की. मी परभणीत बसून पुण्यातल्या भावाच्या घरची तिकिटं काढतो. रेल्वेच्या तिकिटांचं आधार जोडलेलं ऑनलाइन खातं माझं आहे, आणि घरच्यांसाठी आपल्या खात्यावरून तिकीट काढायला हरकत नसते. जाणारी माणसं पाच: भाऊ, वहिनी, दोन लेकरं आणि आई. हे पाच लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं आहे.

आधी साठ दिवसांचं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, तेव्हा आषाढीच्या आगेमागे दिवाळीचा विचार करावा लागे. आता मुदत निम्मी झाली. काहींना ती गैरसोय वाटते, मला उलट बरी वाटते. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. शुक्रवारी, म्हणजे ६ तारखेला पुण्यातून निघायचं तर आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी आठला उघडणार. तेव्हा पोळाही झालेला नसेल आणि गणपतीला आठवडा असेल. दिवाळी कोणाच्या डोक्यात? निम्मे लोक तिथेच गळतात असा माझा अंदाज आहे. आकडेवारी विचाराल तर नाही माझ्याकडे.

म्हणजे तिकीट आरामात मिळतं असं मात्र नाही. पनवेल–नांदेड गाडीचा स्लीपर अशा शुक्रवारी बघता बघता वेटिंगला जातो. आठला पाच कमी असताना नावं मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे खात्यात आधीच भरून ठेवायच्या प्रवाशांच्या यादीत हवीत, खात्यात पैसे हवेत आणि फोन चार्जिंगवरून काढून हातात हवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटं आधार-प्रमाणित खात्यांनाच ऑनलाइन तिकीट काढता येऊ लागलं, पुढे ही वेळ वाढवतही नेली. तुमच्या खात्याला आधार जोडलेलं नसेल तर ते काम आजच उरका. त्याने महिन्याला बाराऐवजी चोवीस तिकिटं काढता येतात, हा वरचा फायदा.

तत्काळ हे आदल्या दिवशीचं काम. एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. वरचे पैसे स्लीपरला शंभर ते दोनशे, थ्री एसीला तीनशे ते चारशे, माणशी. जुलै २०२५ पासून आधारचा ओटीपी आला आणि एजंटांना पहिला अर्धा तास बंदी झाली. त्यानंतर फरक पडला, हे मान्य करायला हवं. पूर्वी पान उघडेपर्यंत कोटा संपलेला असायचा, आता निदान नावं भरून पैशापर्यंत पोचता येतं. पुण्यात एकटा राहणारा पोरगा असेल, पाठीवर बॅग टाकून निघणारा, तर त्याने तत्काळवर राहायला माझी ना नाही. एक जागा बहुतेक वेळा निघते.

पाच जागांचं तसं नाही. साध्या आरक्षणात एका तिकिटावर सहा जण बसतात, तत्काळमध्ये चारच. आमचे पाच. म्हणजे दोन तिकिटं, आणि दुसरं तिकीट पहिल्याचे पैसे भरून झाल्यावर. अकराच्या ठोक्याला त्या दोन-तीन मिनिटांत काय काय होतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही तीन-दोन अशी वाटणी केली होती. वहिनी आणि लेकरं एकावर, भाऊ आणि आई दुसऱ्यावर, म्हणजे आईजवळ कोणीतरी मोठं माणूस राहील. पहिलं कन्फर्म. पुन्हा गाडी शोधा, पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी. दुसरं आलं ते तत्काळ वेटिंग. तत्काळला आरएसी (बर्थऐवजी निदान बसायपुरती जागा) नसते आणि ते वेटिंग सहसा हलतही नाही.

आता गंमत बघा. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एरवी पैसे परत नाहीत. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची शेवटची यादी लागली की आपोआप रद्द होतं आणि त्याचे पैसे येतात. ज्यांना जागा हवी होती त्यांना नुसते पैसे मिळाले, आणि ज्यांचे पैसे परत हवे होते त्यांना जागा. वहिनी दोन लेकरं घेऊन रात्रीच्या गाडीने आली, भाऊ आईला घेऊन दुसऱ्या दिवशी मिळेल त्या बसने. फक्त कन्फर्म असेल तरच तिकीट निघावं अशी खूण ॲपमध्ये करता येते, पण ती त्या एका तिकिटापुरती. दोन्ही मिळाली तरच द्या, असं सांगायची सोय नाही. रेल्वेच्या हिशेबात ती दोन वेगळी तिकिटं असतात. आपल्यासाठी ते एक घर असतं.

साठ दिवसांच्या तिकिटात हा घोळ होत नाही. पाचही जण एका पीएनआरवर, म्हणजे एकाच तिकीट क्रमांकावर. वेटिंग आलंच तर दोन महिने आधी कळतं, तोवर लोक तिकिटं रद्दही करत असतात. आईचं वय भरलेलं असल्यामुळे शिल्लक असेल तर लोअर बर्थ मिळायची शक्यताही जास्त. रजा नाही मिळाली तर? वेळेत रद्द करा, ठरलेली रक्कम कापून बाकी परत येते. किंवा चोवीस तास आधी स्टेशनवर अर्ज देऊन तिकीट घरातल्याच दुसऱ्याच्या नावावर करून घ्या. हे फार जणांना ठाऊक नसतं.

मुंबईकरांचं गणित थोडं निराळं आहे. तपोवन, जनशताब्दी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जालन्याहून नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत, सगळा दिवसा बसून करायचा प्रवास. वरचा बर्थ की खालचा हा प्रश्नच नाही. दोघेच असाल तर तत्काळची जोखीम घेता येईल. सणासाठी जादा गाड्या सुटतात, पण त्या बऱ्याचदा ऐनवेळी जाहीर होतात आणि भाडंही जास्त असतं.

परतीचं मात्र लोक हमखास विसरतात. भाऊबीज ११ नोव्हेंबरला, म्हणजे खरी गर्दी रविवारी १५ तारखेला. ते आरक्षण १६ सप्टेंबरला उघडेल, घरात महालक्ष्म्यांची तयारी चालू असताना. फराळाचं सामान आणायच्या यादीखाली एवढी तारीख लिहून ठेवा.

यातलं काहीच जमलं नाही तर ट्रॅव्हल्स आणि एसटी. खासगी बसने एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये असा नियम २०१८ पासून आहे, पण दिवाळीच्या आठवड्यात ॲपवरचे आकडे बघितले की तो खरा वाटत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट. आईला तेच परवडतं, असं ती स्वतःच म्हणते. पण पुणे ते परभणी रात्रभर बसून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिला मांडी घालता येत नाही, तेव्हा एसटी मी सगळ्यात शेवटी धरतो.