आठ महिने मोफत फिल्टर वापरल्यावर: दहावीचं घर आणि न उघडणारी साइट

'ताई, फॉरमॅट मारावा लागेल. सातशे होतील.' संगणकावर एक साइट उघडेना म्हणून गेल्या महिन्यात दुकानात गेले, दुकानदाराने हे सांगितलं आणि मी सीपीयू परत रिक्षात टाकून सिडकोत घरी आणला. दोष निघाला एका फाइलमधल्या दोन ओळींचा.

मुलगा दहावीला. जूनमध्ये पैसे भरून घ्यायची पॅरेंटल कंट्रोल सॉफ्टवेअरं, म्हणजे मुलांना नको त्या साइट अडवणारी, बघितली. दरवर्षी पैसे भरायचे आणि तेही एका संगणकासाठी, हे मला पटेना. म्हणून क्लाउडफ्लेअर कंपनीचा मोफत फॅमिली डीएनएस घेतला. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सेवा. राउटरमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ हे दोन आकडे टाकायचे, झालं. व्हायरस पसरवणाऱ्या आणि अश्लील साइट तिथेच अडतात. १.१.१.२ घेतला तर फक्त व्हायरसवाल्या अडतात, तेव्हा शेवटचा आकडा नीट बघा. पहिले चार महिने मी खूश होते. संगणक हळू झाला नाही, एक रुपया गेला नाही.

ऑक्टोबरमध्ये नेटवाल्यांचा माणूस राउटर बदलून गेला. मी आकडे पुन्हा टाकले आणि निश्चिंत झाले. दोन आठवड्यांनी मुलगाच म्हणाला, 'आई, नको ते पान उघडलं गं.' त्याने स्वतःहून सांगितलं याचं मला अजून बरं वाटतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) एनएसलुकअप लिहून साइटचं नाव दिलं की वरच्या ओळीत उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. तिथे १.१.१.३ ऐवजी कोलनवाला लांबलचक पत्ता होता. नवा राउटर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, देत होता, आणि संगणक त्या वाटेने नेट कंपनीच्याच डीएनएसला विचारत होता. आयपीव्ही६ च्या सेटिंगमध्ये २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ टाकले तेव्हा फिल्टर परत चालू झाला. राउटर बदलला की हे तपासाच. ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस'ही बघा. तिथे दुसरी कंपनी निवडलेली असेल तर राउटरमधल्या आकड्यांना तो ब्राउझर विचारतच नाही.

आता मूळ दुखणं. डीएनएस फिल्टर व्हिडिओची साइट अडवत नाही, आणि मुलाचा वेळ जात होता तिथेच. दिवाळीत भाचा आला होता. त्याने होस्ट्स फाइलमध्ये (नाव-पत्त्यांची यादी, संगणक डीएनएसच्या आधी ती बघतो) ती साइट १२७.०.०.१ कडे, म्हणजे स्वतःच्याच संगणकाकडे, वळवली. ही फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा वाटेने सापडते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट एक ओळ आणि त्याशिवाय एक, अशा दोन लागतात, कारण होस्ट्सला अख्खं नाव जसंच्या तसं द्यावं लागतं. उपाय उत्तम चालला, मी भाच्याचं कौतुकही केलं.

जानेवारीत क्लासच्या सरांनी उजळणीची लेक्चर्स त्याच साइटवर टाकली. हे अंबड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, त्यांचा फोन त्यांच्याबरोबर. माझ्या छोट्या फोनवर भूमितीच्या आकृत्या दिसेनात. मी होस्ट्स उघडली, दोन्ही ओळी पुसल्या, सेव्ह केली. साइट उघडेना. डीएनएसची आठवण पुसणारी आयपीकॉन्फिगची फ्लशडीएनएस आज्ञा दिली, संगणक बंद करून चालू केला, दुसरा ब्राउझर घेतला. नाहीच. फाइल परत उघडली तर ओळी गेलेल्या! तीन संध्याकाळी यात गेल्या, परीक्षा तोंडावर असताना. चौथ्या दिवशी मी दुकानात गेले.

घरी परत येऊन पिंग केलं, म्हणजे साइट उत्तर देते का ते बघायची आज्ञा दिली. उत्तर झटक्यात आलं, म्हणून वाटलं साइट चालू आहे. मग नीट वाचलं: उत्तर १२७.०.०.१ कडून, म्हणजे माझ्याच संगणकाकडून येत होतं. एनएसलुकअप मात्र खरा पत्ता दाखवत होता. या दोन आज्ञांतला फरक मला कोणी आधी सांगितला असता तर! एनएसलुकअप होस्ट्स फाइल बघत नाही, थेट डीएनएसला विचारतो. पिंग आधी होस्ट्स बघतो. दोघांची उत्तरं अशी वेगळी आली की अडथळा होस्ट्समध्ये. एनएसलुकअपनेच ०.०.०.० दिलं तर अडवणारा फॅमिली डीएनएस. दोन्हीकडे खरा पत्ता आला तर ब्राउझरचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) किंवा अँटिव्हायरस बघायचा. पडद्यावर तिन्ही वेळा 'साइट उघडू शकत नाही' असंच काहीसं येतं, त्यावरून काही कळत नाही.

पण पुसलेल्या ओळी परत आल्या कुठून? फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक केली आणि दिसलं की फोल्डरमध्ये दोन फाइली आहेत. एक होस्ट्स, दुसरी होस्ट्स डॉट टीएक्सटी. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून न उघडल्यामुळे मूळ जागी सेव्ह होईना, म्हणून मी डेस्कटॉपवर सेव्ह करून फाइल तिथे नेऊन टाकली होती. टीएक्सटीचं शेपूट विंडोज मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे दोन्हींचं नाव सारखं. मी दर वेळी माझी नवी फाइल उघडून बघत होते आणि संगणक जुनी वाचत होता. संगणक विकत घेतल्या दिवशी आधी ती टिक करा, मग बाकी सगळं. घरातल्या प्रत्येकाला हे मी सांगितलंय, माहेरीसुद्धा.

फॅमिली डीएनएसवर मी चिडले होते, ते चुकीचं होतं. त्याचा यात काही संबंध नव्हता, तो ठेवणार आहे. होस्ट्सची युक्तीही ठेवणार, पण आता नोटपॅडवर राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', आणि ओपन करताना 'ऑल फाइल्स'. टीएक्सटीवाली फाइल काढून टाकली. मूळ फाइलमधल्या ओळी पुसल्या नाहीत, त्यांच्या सुरुवातीला हॅश (#) लावला. हॅश असलेली ओळ संगणक सोडून देतो. रात्री साडेआठला लेक्चर सुरू व्हायच्या आधी मी हॅश लावते, दहाला काढते. मुलगा शेजारी बसून बघतो, त्याच्यापासून यातलं काही लपवलेलं नाही.