अ‍ॅडापलीन, रेटिनॉल की थेट ट्रेटिनॉइन?

‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं काहीतरी चेहऱ्याला लावायचं हे नक्की, पण नेमकं काय घ्यायचं यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितेय. माल दोन ठिकाणी मिळतो. औषधाच्या दुकानात ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापलीन. छोटी ट्यूब, खोक्यावर तांबडी उभी रेघ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात रेटिनॉल, रेटिनाल्डिहाइड, रेटिनिल पाल्मिटेट. देखणी बाटली, चिठ्ठी लागत नाही. गंमत अशी की चिठ्ठीवाली ट्यूब बहुतेक वेळा या बाटलीपेक्षा स्वस्त पडते, आणि तिच्यामागचा अभ्यासही जास्त भक्कम असतो. मग सगळ्यांनी ट्यूबच का घेऊ नये? कारण आपली त्वचा. त्याकडे येतेच.

आधी नातेसंबंध. पेशींवर प्रत्यक्ष काम करतं ते रेटिनॉइक अ‍ॅसिड, आणि ट्रेटिनॉइन म्हणजे तेच. रेटिनॉल लावलं की त्याचं त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड होतं, मग रेटिनॉइक अ‍ॅसिड. रेटिनिल पाल्मिटेट आणखी एक पायरी मागे. प्रत्येक पायरीवर गळती होते, म्हणून रेटिनॉल सौम्य आणि पाल्मिटेट जवळजवळ नावापुरतं. रेटिनाल्डिहाइड एकच पायरी दूर असल्याने रेटिनॉलपेक्षा चपळ, पण महाग, आणि आपल्याकडे मोजक्याच ब्रँडकडे मिळतं. अ‍ॅडापलीन या रांगेत बसतच नाही. ते प्रयोगशाळेत घडवलेलं रसायन आहे. त्याला रूपांतराची गरज नाही, आणि पेशीतल्या ठरावीक ग्राहींनाच (औषधाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) ते चिकटतं. म्हणून ट्रेटिनॉइनच्या मानाने आग कमी.

मुरुमं असतील तर

इथे मला फार विचार करावा लागत नाही. मुख्य तक्रार मुरुमांची असेल, कपाळावर दाणेदार पुटकुळ्या, नाकाच्या बाजूला काळी-पांढरी टोकं, तर रेटिनॉलच्या सीरमवर पैसे घालवू नका. अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल. अमेरिकेत हे १९९६ साली चिठ्ठीचं औषध म्हणून आलं आणि २०१६ पासून बिनचिठ्ठीचं झालं, यावरून त्याच्या सुरक्षिततेचा अंदाज यावा. आपल्याकडे मात्र त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवून घ्या. मुरुमं म्हणून आपण जे समजतो ते कधीकधी बुरशीचं किंवा स्टेरॉइड क्रीमचं पुरळ निघतं, आणि त्याचा इलाज वेगळा.

अ‍ॅडापलीनचा आणखी एक फायदा आहे. मुरुमांवरचं दुसरं हुकमी औषध म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड. साध्या ट्रेटिनॉइनबरोबर एकाच वेळी लावलं तर ते ट्रेटिनॉइनला नासवतं. शिवाय ट्रेटिनॉइन उजेडातही टिकत नाही. अ‍ॅडापलीन दोन्हींना दाद देत नाही, म्हणूनच त्याचं आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं एकत्र जेल मिळतं. एक मात्र मनाशी पक्कं करा, ही औषधं आलेल्या मुरुमापेक्षा येऊ घातलेल्यावर जास्त काम करतात. छिद्र तुंबण्याची सुरुवातच ती रोखतात. म्हणून एकेका मुरुमावर ठिपका लावण्यात अर्थ नाही, जिथे मुरुमं येतात तो सगळा भाग धरायचा. पहिल्या काही आठवड्यांत थोडं उलट वाढल्यासारखं वाटू शकतं. निकाल बारा आठवड्यांनी पाहायचा, दर सकाळी आरशात नाही.

बारीक रेषा आणि उन्हाने रापलेली त्वचा

इथे प्रश्न खरा अवघड. ट्रेटिनॉइनची बाजू जड आहे. १९७१ साली अमेरिकेत ते मुरुमांसाठी मंजूर झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आलं की वयाने मोठ्या रुग्णांची त्वचाही त्याने नितळ होतेय. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या चाचणीने त्याला दुजोरा दिला, आणि १९९५ मध्ये उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली.

रेटिनॉलच्या मागे एवढी फौज नाही, पण ते पोकळही नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मिशिगनच्याच एका अभ्यासात सरासरी ८७ वर्षांच्या मंडळींच्या दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन आठवड्यातून तीनदापर्यंत, २४ आठवडे लावलं. बारीक सुरकुत्या कमी झाल्या. मला हा अभ्यास आवडतो, कारण जाहिरातीतल्या पंचविशीच्या गुळगुळीत गालांपेक्षा तो बराच प्रामाणिक आहे.

आता आपल्या त्वचेची गोष्ट. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर आग झाली, साल निघाली, की मागे काळा डाग राहतो. मुरुम गेल्यावर राहतो तसाच. तो जायला महिने लागतात. म्हणजे रेषा पुसायला गेलो आणि गालावर दोन तपकिरी चट्टे घेऊन आलो, असा सौदा. ‘सगळ्यात जोरदार ते सगळ्यात चांगलं’ हे गणित त्यामुळे आपल्याकडे चालत नाही. सहा महिने बिनतक्रार लावता येईल ते चांगलं. तिशी-पस्तिशी, पहिलीच वेळ, त्वचा चटकन लाल होणारी असेल, तर माझं मत ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉलला. उन्हातान्हात वर्षं गेली आहेत, डाग आणि रेषा ठळक आहेत, आणि डॉक्टरांकडे मधूनमधून जायची तयारी आहे, तर ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्क्यांपासून. वांग असेल तर मात्र स्वतःच्या मनाने काहीच सुरू करू नका.

आणि हे जरा जोर देऊन सांगते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिहेरी क्रीम अनेक घरांत ‘उजळायचं क्रीम’ म्हणून फिरत असतं. जावेने दिलं, मैत्रिणीला फरक पडला वगैरे. त्यात मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ते क्रीम वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक काळापुरतं असतं. महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते, लालबुंद होते, बारीक लव आणि मुरुमं येतात, आणि बंद केलं की आणखी भडकते. ट्यूबवर ट्रेटिनॉइन दिसलं म्हणून हे ‘रेटिनॉलसारखंच’ समजू नका.

बाटली विकत घेताना

टक्केवारी छापलेली नसेल तर मी ती बाटली ठेवून देते. युरोपीय संघाने चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आहारातून आणि प्रसाधनांतून मिळून अंगात जाणारं एकूण ‘अ’ जीवनसत्त्व हे त्यामागचं कारण. तेव्हा १ टक्क्याच्या मागे लागायचं काही कारण नाही. ‘ग्रॅनअ‍ॅक्टिव्ह रेटिनॉइड २ टक्के’ पाहून तर मुळीच भुलू नका. हे याच घराण्यातलं आणखी एक रसायन, पण तो आकडा द्रावणाचा असतो. त्यात मूळ घटक एक दशांश, म्हणजे प्रत्यक्षात ०.२ टक्के. वस्तू वाईट नाही, पण रेटिनॉलच्या टक्क्यांशी तिची तुलनाच होत नाही.

रेटिनॉल हवेने आणि उजेडाने खराब होतं. ड्रॉपरची पारदर्शक बाटली दर वेळी उघडायची आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवायची, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत पिवळं पाणी लावत बसायचं. अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब किंवा हवा आत न जाणारा पंप बघा.

लावायचं कसं

रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, सबंध चेहऱ्याला मिळून. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या टाळायच्या, साल आधी तिथेच निघते. सुरुवात आठवड्यातून दोन रात्री. त्वचेने कुरकुर केली नाही तर वाढवा. आधी किंवा नंतर मॉइश्चरायझर लावलं तरी चालतं, त्याने काम बिघडत नाही. सकाळी सनस्क्रीन, आणि ते जमणार नसेल तर हा सगळा खटाटोप सोडून फक्त सनस्क्रीन घ्या, जास्त फायदा होईल.

पार्लरवालीला सांगायला विसरू नका. वरच्या ओठाचं वॅक्स करताना वरची कातडी पट्टीबरोबर सोलून निघते, आणि मग तिथे मिशीसारखा काळा पट्टा उरतो. आठवडाभर आधी बंद ठेवा. ब्लीच, फेशियललाही तेच. आणि लग्न पंधरा दिवसांवर आलंय म्हणून आत्ता सुरू करू नका, हळदीच्या दिवशी चेहऱ्याची साल निघत असेल.

दिवस असतील तर

गरोदर असाल, किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर यातलं एकही नको. मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंगं होतात हे सिद्ध आहे. वरून लावायच्या औषधांतून अंगात फार थोडं जातं, तरी डॉक्टर तेही बंदच ठेवायला सांगतात. त्या काळात मुरुमं आणि डागांसाठी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडबद्दल त्यांना विचारा.

‘मग रेटिनॉलऐवजी वनस्पतीतलं बाकुचिओल?’ असंही हमखास विचारलं जातं. ते आपल्याच बावचीतून काढतात. ४४ जणांवरच्या एका चाचणीत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा असं बारा आठवडे लावलं, तेव्हा रेषा आणि डागांवर परिणाम सारखाच दिसला, रेटिनॉलवाल्यांची सालं मात्र जास्त निघाली. चाचणी छोटी आहे, तरी रेटिनॉल अजिबात न सोसणाऱ्यांनी बाकुचिओल करून बघायला हरकत नाही. फक्त काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीचं तेल आणून चेहऱ्याला चोळू नका. त्यात सोरालेन असतं, कोडावर आयुर्वेदात बावची वापरतात ती त्याच्याच जोरावर, आणि ते लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते, फोड येतात.