काकांचा जुना रिसीव्हर : दुरुस्तीनंतरचे आठ महिने

काकांनी १९७९ साली मस्कतहून आणलेला जपानी बनावटीचा स्टीरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र) आणि त्याच्या दोन स्पीकरपेट्या महालातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे पडून होत्या. गेल्या ऑक्टोबरात हा संच दुरुस्त करून घेतला आणि आता नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवसही उलटल्यावर, म्हणजे नागपूरचा एक पूर्ण उन्हाळा त्याने सोसल्यावर, हा अनुभव लिहीत आहे.

रिसीव्हर सीताबर्डीतल्या एका वयस्क कारागिराकडे दिला. त्यांनी तो थेट प्लगला न लावता ६० वॅटच्या दिव्याच्या सिरीज बोर्डावर लावला, म्हणजे वीज आधी दिव्यातून जाऊन मगच यंत्रात येते. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला, तेव्हाच आत शॉर्ट नसल्याचे कळले आणि माझा जीव भांड्यात पडला. पॉवर सप्लायचे सुकलेले कंडेन्सर बदलताना त्यांनी ८५ अंश उष्णता सोसणाऱ्यांऐवजी १०५ अंशांचे घातले, हे मे महिन्यात सार्थकी लागले. डावा चॅनेल हळू आवाजात गायब होई आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येई. त्याचे मूळ स्पीकरच्या रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे, काळे पडलेले पॉइंट होते. मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० वर होता, तो त्यांनी २४० वर केला, कारण आमच्याकडे रात्री दाब तेवढा चढतो. या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

वूफरच्या, म्हणजे पेटीतल्या खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम मात्र बोट लावताच भुगा होत होता, म्हणून पेट्या दुसरीकडे दिल्या आणि तिथे घोटाळा झाला. नवा फोम नीट बसला होता, कोन कुठे घासत नव्हता, तरी ढोलकी आणि तबल्याचा डग्गा यांत जीव नव्हता. तीन महिने मी दोष कधी नव्या फोमला, कधी खोलीला देत राहिलो. शेवटी एक मोनो (दोन्ही पेट्यांतून एकच आवाज देणारी) रेकॉर्ड लावली, तेव्हा गायकाचा आवाज दोन पेट्यांच्या मधोमध न येता खोलीभर विखुरल्यासारखा वाटला, आणि शंका आली. पेट्यांच्या तारा रिसीव्हरपासून सोडवून दीड व्होल्टचा सेल दोन्ही पेट्यांना आळीपाळीने, क्षणभर टेकवला : डाव्या पेटीचा वूफर बाहेर सरकला, उजव्या पेटीचा आत गेला. फोम बदलताना कोणीतरी उजव्या वूफरच्या पट्ट्यांवर तारा उलट लावल्या होत्या, त्यामुळे दोन वूफर विरुद्ध दिशांना हलून एकमेकांचा खर्ज मारत होते. बाहेरून तारा बदलल्या असत्या, तर वूफर सुधारला असता आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) उलटा झाला असता, म्हणून पेटीच उघडली. सहा स्क्रू आणि दोन तारांचे काम. पण डग्गा त्याच संध्याकाळी परत आला. पेट्या घरी आल्या त्या दिवशीच हा सेल टेकवायला हवा होता.

जोडणीसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन पदरी तार वापरली. सात-आठ मीटरसाठी ती पुरते, महागड्या तारेत पैसे घालण्यात मला अर्थ वाटत नाही. दाबाच्या क्लिपमध्ये घालण्यापूर्वी तारेची सुटी टोके पिळून घ्यावीत, कारण तारेचा केसासारखा एखादा धागा शेजारच्या क्लिपला लागला तर आउटपुट ट्रान्झिस्टरच जायचे. एप्रिलमध्ये हौसेने आणखी दोन पेट्या ‘बी’ वर, म्हणजे रिसीव्हरच्या दुसऱ्या जोडीच्या क्लिपांवर लावल्या; पहिली जोडी ‘ए’ वर होती. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर आल्या की रिसीव्हरला भार चार ओहमचा दिसतो (ओहम कमी, तितका भार जड), आणि माझ्या रिसीव्हरच्या मागच्या पट्टीवर ‘ए’ व ‘बी’ दोन्ही चालवताना आठ ओहमखालच्या पेट्या मनाई आहेत. त्या आठ ओहमच्याच असल्याने नियम मोडला नव्हता, तरी पंचेचाळीस अंशांच्या दुपारी वरची जाळी इतकी तापली की हात ठेववेना, म्हणून त्या काढल्या.

सध्या रिसीव्हर कूलरच्या झोतापासून लांब, वर वीतभर मोकळी जागा ठेवून मांडला आहे, कारण त्या दमट हवेत पॉइंट पुन्हा काळे पडायला वेळ लागणार नाही. व्हॉल्यूमची खरखर मेअखेरीस थोडी परतली होती, ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने गेली. कूलरची मोटर सुरू होताना पेट्यांतून येणारे ‘टक्’ मात्र अजून गेलेले नाही. पुढच्या आठवड्यात दोघांचे प्लग वेगळ्या लाइनवर घेऊन पाहणार आहे.