धुडगूस घालणारे तरुण मांजर: रोजचा खेळ वाढवावा की दुसरे मांजर आणावे?

पहाटे चार वाजता पडद्यावर चढणारे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटरीवर झडप घालणारे आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू पंजाने सरकवत खाली पाडणारे मांजर ज्यांच्या घरात आहे, त्यांना बहुधा दोनच सल्ले मिळतात: त्याच्याशी अधिक खेळा, नाहीतर त्याला सोबत आणा. सल्ले दोन्ही बरोबर आहेत, परंतु पहिल्याची किंमत रोजच्या अर्ध्या तासात मोजावी लागते आणि दुसऱ्याची पुढच्या १५ वर्षांत.

मांजर मुळात उजाडताना आणि अंधारून येताना शिकार करणारा प्राणी आहे. दिवसाचे १२ ते १६ तास झोपून ते ताजेतवाने उठते, पण बंद घरात शिकार नसते. मग हलणारी पावले हीच शिकार ठरते. हा उत्साह साधारणपणे चौथ्या महिन्यापासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शिगेला असतो आणि पुढच्या वर्षभरात हळूहळू ओसरतो. म्हणजे अडचण तात्पुरती आहे आणि सुचवलेल्या दोन उपायांपैकी एक कायमचा आहे, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

खेळाचा पर्याय अनेकांनी करून पाहिलेला असतो आणि बहुतेकांनी तो चुकीच्या रीतीने केलेला असतो. चेंडू टाकून दिला म्हणजे खेळ झाला, असे मांजर मानत नाही. काठीच्या टोकाला बांधलेले पीस त्याच्या नाकासमोर नाचवण्याऐवजी त्याच्यापासून दूर न्यावे, खुर्चीच्या पायाआड लपवावे आणि क्षणभर थांबवावे. त्या थांबण्यात खरी गंमत आहे: बाहुल्या विस्फारतात, अंग जमिनीला चिकटते, मागचा भाग डावीउजवीकडे डुलू लागतो आणि मग उडी पडते. अधूनमधून पीस त्याच्या हाती लागू द्यावे, चावू द्यावे. लेझरच्या ठिपक्याने मांजर धावते खूप, पण शेवटी पंजाखाली काहीच येत नसल्यामुळे ते चिडचिडे होऊ शकते. म्हणून शेवटची उडी एखाद्या खऱ्या खेळण्यावर पडेल असे पाहावे. दिवसातून दोनतीनदा १० ते १५ मिनिटे पुरतात, आणि शेवटचा डाव झोपण्याआधी खेळून लगेच जेवण दिले, तर शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप असा त्याचा नैसर्गिक क्रम पुरा होऊन पहाटेचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. हाताशी मात्र कधीही खेळवू नये. पिल्लाचे लाडिक चावे पुढे महागात पडतात. खेळ संपल्यावर दोरी उचलून ठेवावी, कारण गिळलेली दोरी आतड्यात अडकून जिवावर बेतते.

दुसरे मांजर आणण्याचा फायदा असा की तुम्ही घरी नसतानाही पाठलाग आणि कुस्ती चालू राहते. शिवाय किती जोराने चावायचे, हे एक पिल्लू दुसऱ्याकडून जितके चांगले शिकते तितके ते माणसाकडून शिकत नाही. पण दोघांचे जमेलच याची हमी कोणी देत नाही. नवागताला पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. त्याची तपासणी आणि लसीकरण आधी उरकावे लागते. शी-शूसाठी माती भरून ठेवायची भांडी दोन मांजरांना तीन असावीत. खर्च दुप्पट होतो, हे सांगायला नकोच. जमले नाही, तर मस्तीच्या जागी कोपऱ्यांत लघवीच्या पिचकाऱ्या आणि पलंगाखाली लपून बसलेले एक घाबरलेले मांजर, असा सौदा पदरात पडतो.

माझा कौल पहिल्या पर्यायाकडे झुकतो: महिना-दीड महिना नेमाने खेळवावे, चढायला उंच फळ्या द्याव्यात, काही जेवण शोधून काढावे लागेल अशा खेळण्यात भरावे आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा. नसबंदी झाली नसेल तर ती आधी करावी. तिने खेळकरपणा जात नाही, पण वयात आल्यानंतरची घालमेल आणि ओरडणे कमी होते. सारखे खाजवत असेल किंवा अंग आक्रसून एकाएकी पळत सुटत असेल, तर ती मस्ती न समजता पशुवैद्याला दाखवावे.

याला अपवाद आहे. पिल्लू सहा महिन्यांच्या आतले असेल आणि घर दिवसभर रिकामे राहत असेल, तर मी दुसऱ्या मांजराच्या बाजूने बोलेन, मात्र ते साधारण त्याच वयाचे आणि तितकेच दांडगे हवे. शांत, वयस्क मांजर आणून तरुणाला वळण लागेल ही आशा बहुधा फोल ठरते, आणि त्रास त्या वयस्क मांजराला होतो. दोघांची पहिली ओळख बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवलेल्या जेवणाच्या ताटल्यांनी करावी; दोघेही फिस्कारल्याविना ताटली चाटूनपुसून खाऊ लागले की दार बोटभर उघडण्यास हरकत नाही.